जिभेवर घेतलेली हळद

गंगासागर एवढंच लिहा ताई, आडनाव नका लिहू, आडनावात सासरा येतो, त्यो बिचारा कव्हाच गेला, त्याला काहून मधी आणायचं. माहेर माहं आखाडा बाळापूरच्या पलीकडं, पाच बहिणी आमी अन् एक भाऊ, त्यो शेवटचा. बाप हळदीतला माणूस. घरची हळद थोडीच, पण हळद शिजवायच्या दिवसांत लोक बापाला बोलवायला यायचे, कढईतली हळद शिजली का न्हाई ते काडी टोचून बाप सांगायचा, अन् वाळलेलं हळकुंड दातानं मोडून जिभेवर घ्यायचा अन् म्हणायचा, ह्याच्यात दम हाय, ह्याच्यात न्हाई. त्याचं बघून बघून मीबी शिकले. बाकीच्या बहिणी कडू लागतं म्हणून थुंकायच्या, मी थुंकत नसायचे. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, पुढची शाळा दुसऱ्या गावात होती अन् माह्या कडेवर भाऊ होता, मग काय.

लग्न झालं अन् इकडं आले. जवळा बाजारपासून तीन कोस, तुमी आलात तसंच टेम्पोनं यावं लागतं. दोघं भाऊ, दोन घरं, मधी एकच भिंत. ते पलीकडचं थोरल्या दिराचं. माही जाऊ, तिला मी बाई म्हणते, तिनं मला भाकर शिकवली, मला ज्वारीची भाकर थापता येत नव्हती, तुकडे पडायचे, तर सासू शेतात गेली की ही भिंतीवरून हाक मारायची अन् शिकवायची, सासूला कधी कळू दिलं न्हाई. अन् तिचा गणेश झाला तव्हा ती तापानं फणफणली, महिनाभर पडून होती, माही थोरली पोरगी तव्हा दोन महिन्यांची, तर गणेशला मी अंगावर पाजलं. एका बाजूला माही पोरगी, एका बाजूला तिचा पोरगा. हे मी काहून सांगून राहिले ते पुढं कळंल तुम्हाला.

मग माह्या दोन्ही पोरी नांदायला गेल्या अन् घर खायला उठायलं. आमचे हे बोलणारे न्हाईत, शेतातून आले की जेवून भिंतीला टेकून बसतेत. मी म्हणलं आता करायचं काय, मरायला तर अजून टाइम हाय. तर बचत गटाची बाई सांगत आली, वसमतला दहा दिसाचं ट्रेनिंग हाय, ज्या बायांनी कव्हाच धंदा केला न्हाई त्यांच्यासाठी, गाडीभाडं देतेत, दुपारचं जेवण देतेत. ह्यांना इचारलं तर म्हणले जा, एक टाइम तरी दुसऱ्याच्या हातचं खाशील.

काय सांगू तुम्हाला त्या दहा दिसाचं. खुर्च्या होत्या पण आमी सगळ्या खाली सतरंजीवरच बसलो, मॅडमनं दोनदा सांगितलं वर बसा, तव्हा उठलो. मॅडम माह्या थोरलीच्या वयाची. पहिल्या दिशी म्हणली, एकेकीनं उभं राहून आपलं नाव सांगायचं अन् कोणता धंदा करायचा ते सांगायचं. मी उभी राहिले अन् नवऱ्याचं नाव सांगितलं. सगळ्या हसल्या. मॅडम म्हणली ते ठीक हाय, पण तुमचं. तर माहं नाव माह्याच तोंडातून निघंना, इतक्या लोकांत मी माहं नाव कव्हा घेतलंच नव्हतं ना. चौथ्या दिशी मॅडमनं आमाला बाजारात पाठवलं, जवळ्याच्या आठवडी बाजारात, की जा, दहा बायांना इचारा त्यांना घरात कशाची तकलीफ हाय, कोणतं काम नकोसं वाटतं, गिऱ्हाईकाची अडचण शोधा, तिथंच तुमचा धंदा हाय. आता परक्या बाईला उगंच कसं इचारायचं, मला लाज वाटली, मग मी काय केलं, जिला इचारायचं तिच्याकडून आधी कोथिंबिरीची जुडी घ्यायची अन् मग इचारायचं. दहा जुड्या घेऊन घरी आले. आमचे हे म्हणले, कोथिंबिरीचा धंदा ठरला का.

पण शिकले ताई मी. बोलायला शिकले, दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकले, पुडी कशी बंद करायची, तिच्यावर काय लिहायचं, कोणता माल कव्हा इकतो. अन् सहाव्या दिशी मॅडमनं तीन वाट्यांत हळद मांडली अन् म्हणली सांगा ह्यातली चांगली कोणती. बायांनी रंग बघून सांगितलं. मी बोटावर घेऊन जिभेवर ठेवली अन् म्हणलं, ही मागच्या सालची हाय, ही नुसत्या गड्ड्याची हाय, हळकुंडाची न्हाई, अन् हिच्यात पीठ घातलंय कशाचं तरी. मॅडमला पिठाचंच तेवढं ठाऊक होतं. तिनं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, म्हणली, ह्यांची जीभ म्हणजे मशीन हाय. त्या टाळ्या माह्या डोक्यात गेल्या.

अन् अजून एक सांगते, हे तर लिहाच. शेवटच्या दिशी मॅडमनं इचारलं, समजा तुमच्याकडून खराब माल गेला, तर काय कराल. एक म्हणली बदलून देऊ, एक म्हणली पैसे वापस करू. मी उभी राहिले, तव्हा मला उभं राहायला लाज वाटत नव्हती, मी म्हणलं, गिऱ्हाईक माह्या दारात यायच्या आधी मीच त्याच्या दारात जाईन अन् सांगीन. मॅडम म्हणली, हे लिहून घ्या सगळ्यांनी. बाकीच्यांनी लिहिलं. मी न्हाई लिहिलं, माहंच होतं ते.

तर धंदा कोणता म्हणाल तर तुमी बघताच ही मशीन, गटातून मिळाली, मिरची अन् हळद दळायची. पण नुसतं दळून देणारे गावोगाव हायेत. मी अडचण शोधली. आमच्यात लग्नाची हळद जात्यावर दळतेत. पाच सुवासिनी बसवतेत, जात्याला सुपारी-हळकुंड बांधतेत, गाणी म्हणतेत, अन् दळून झालं की आधी एकमेकीच्या गालाला फासतेत, हसतेत, खिदळतेत, मग ती हळद नवरदेवाला. नवरदेवाला लावून जी उरती ती उष्टी हळद, ती नवरीच्या गावाला न्यायची, तीच नवरीला लागती. आता ह्या पाच बाया आणायच्या कुठून. एकीचे गुडघे गेलेत, एक कामावर, एक मोबाइलवर. लग्नघरात बाया शोधता शोधता नाकी नऊ येतेत. मी म्हणलं हीच अडचण. चांगलं हळकुंड निवडून घ्यायचं, बारीक दळायचं, वस्त्रगाळ करायचं, पुडीला लाल धागा बांधायचा अन् वर लिहायचं, लगनाची हळद. मॅडमला फोन केला तर ती म्हणली पुडीवर तुमचा फोटो टाका, लोक चेहऱ्यावर भरवसा ठेवतेत. डोक्यावर पदर घेऊन फोटो काढला. पहिल्या उन्हाळ्यात गावातल्या लोकांनी नेली, दुसऱ्या उन्हाळ्यात वसमतच्या दुकानदारानं मागवली. लोक बाजारात मला ओळखायले, पुडीवरची बाई म्हणायले. मी चालायचे कशी बघितलं असतं तुमी तर. लई मीपणा आला होता माह्यात, आता बोलायला काय जातंय.

तिसऱ्या उन्हाळ्यात गणेशचं लग्न ठरलं. पोरगी वसमतकडची, शिवकन्या नाव, गोरीपान, कमी बोलणारी. बाईनं माळ्यावरून जातं काढलं, धुतलं, अन् मला म्हणली, गंगे, चार बायांना सांगून ये, पाचवी तू. मी म्हणलं बाई, मी असताना जातं कशाला, जात्याला पूजेपुरतं हळकुंड बांधा, हळद माही. बाईनं जात्यावर पुन्हा फडकं टाकलं अन् म्हणली बरं, तुह्या हातचीच लागू दे त्याला. सासू ओसरीत बसली होती, तिला दिसत न्हाई आता, ती म्हणली, गालाला लावल्याबिगर दारातून बाहेर द्यायची न्हाई बरं. मी हसले. मला वाटलं म्हातारीला खेळ आठवला जुना.

आता लग्नाचे दिवस अन् मिरचीचे दिवस एकच. लग्नाला तीन दिवस अन् माह्या अंगणात मिरचीच्या पिशव्यांची लाइन. पहाटपासून मिरची दळून राहिले, नाकाला फडकं बांधलेलं, डोळ्यांतून पाणी. मिरचीवर हळद घ्यायची तर मशीन खोलायची, जाळी काढून पुसायची, अन् मग दोन डाव ज्वारी दळून फेकून द्यायची, हे मला ठाऊक होतं. ट्रेनिंगमधी सांगितलं नव्हतं असं म्हणायला मला जागाच न्हाई, सांगितलं होतं, अन् नसतं सांगितलं तरी मिरची वाटल्यावर पाटा धुवायचं कुण्या बाईला शिकवावं लागतं. पण लाईट जायला थोडकाच टाइम राहिला होता. मी जाळी पुसली, ज्वारी एकच डाव घेतली, अन् हळद टाकली. मग बोटावर घेऊन जिभेवर ठेवली. कडवट, बराबर, दम हाय. पुडीला धागा बांधला अन् नेऊन दिली बाईला.

जीभ कव्हाची मेली होती ताई. पहाटपासून मिरचीत उभी राहिलेली बाई मी, माह्या जिभेला त्या दिशी निखारा ठेवला असता तरी कळलं नसतं. बाप असा नव्हता करत, बाप हळद बघायच्या आधी ताकानं चूळ भरायचा. ते मला नंतर आठवलं.

गणेशला हळद लागली, त्यो म्हणला आग होऊन राहिली, तर दोस्त म्हणले लग्नाची घाई हाय तुला म्हणून आग होऊन राहिली, अन् हसले सगळे. त्यानं तसंच जाऊन विहिरीच्या मोटारीखाली अंग धुतलं, त्याचं भागलं. उष्टी हळद घेऊन टेम्पो नवरीच्या गावी गेला. तिकडं पोरीला गालाला, गळ्याला, हाताला भरपूर लावली, अन् दुसऱ्या दिशी न्हाऊ घालेपर्यंत अंगावरून काढायची नसती. सासरची हळद, नवी पोरगी, ती काय बोलणार. सहन केलं तिनं. बोहल्यावर आली तव्हा डोळे सुजून बारीक झालेले, गाल लाल, गळ्यावर फोड. अंतरपाट खाली झाला अन् बाई माह्याकडं बघायली. मी अक्षता टाकल्या.

तव्हा मला ठाऊक नव्हतं, खरं सांगते, देवाशपथ. मला वाटलं उन्हाचं असंल, त्या तोंडाला लावायच्या क्रिमीचं असंल. पण लग्नाच्या तिसऱ्या दिशी, सासूला वरण वाढायच्या आधी चाखलं तर मला वरणाची चव कळली, मीठ कमी हाय म्हणून कळलं, अन् ध्यानात आलं की इतके दिस मला कशाची चवच कळत नव्हती. त्याच दळणाची पुडी घरात होती. तोंड धुतलं, जिभेवर घेतली. आधी कडवट लागली. मग थोड्या वेळानं शेंड्याला चटका बसला. मी दार लावून घेतलं.

आता इथून पुढचं तुमी जसंच्या तसं लिहा, मला चांगली दाखवू नका. वसमतच्या दुकानात त्याच दळणाच्या पुड्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिशी पहिल्या गाडीनं गेले अन् सगळ्या वापस घेऊन आले, दुकानदाराला म्हणलं छपाई चुकली. गावातल्या दोघींकडूनबी बदलून आणल्या. परक्यांच्या लेकी वाचवल्या मी. अन् भिंतीपलीकडं माह्याच पाजलेल्या पोराची बायको तोंडाला मलम लावून बसलेली, तिच्याबद्दल बाया कुजबूज करायल्या, की पोरीला अंगाचा रोग हाय, बापानं लपवून दिली, हळदीनं बाहेर निघालं. रोज आंगणात ते ऐकायचे मी. रोज म्हणायचे आज सांगते. मग म्हणायचे, मलमानं उतरंलच, उतरलं की इषय संपला. माही पुडी, माहा फोटो, माहं नाव, जे मला तोंडातून काढता येत नव्हतं ते आता बाजारात लोक घ्यायले होते, ते मला सोडवंना. काय लपवू तुमच्यापासून.

अकराव्या दिशी तिच्या बापाला बोलावलं. त्यो आला, टोपी काढून हातात धरलेली, सोबत पोरीचा मामा. ओसरीत बैठक बसली. माहा दीर म्हणला आमाला भांडायचं न्हाई, पण खरं काय ते सांगा, आधीपासून हाय का. बाप म्हणला न्हाई हो, लेकरू कव्हा दवाखान्यात गेलं न्हाई. कुणीतरी म्हणलं, मग काही दिवस घेऊन जा, नीट करून आणा. घेऊन जा म्हणल्यावर आत दाराशी शिवकन्या उभी होती, तिनं चौकट धरली. रडली न्हाई. बापाकडं बघितलं फक्त.

मी उठले, घरात गेले, पुडी आणली. लाल धागा तोडला, चिमूट घेतली, पाण्यात कालवली अन् सगळ्यांच्या पुढं माह्या गालाला लावली, अन् बसले. म्हणलं, पोरीला काही रोग न्हाई, ह्याच्यात मिरची हाय, चूक माही हाय. गाल जळायला. पोरीचा बाप एकदम रडायला लागला, म्हातारा माणूस, टोपीत तोंड घातलं त्यानं. सासू आतून म्हणली, गालाला लावायचं मी सांगितलं होतं, आमी काय उगं खेळत होतो व्हय, लेकराला लागायच्या आधी आपल्याला लावून बघायचं असतं. ते म्हातारीनं नंतर कव्हा काढलं न्हाई, पण तेवढं म्हणली.

बाईनं एकच इचारलं. म्हणली, तुला कव्हा कळलं. मी खोटं सांगू शकले असते, म्हणले असते आजच सकाळी कळलं, कुणाला काय पत्ता लागणार होता. मी म्हणलं तिसऱ्या दिशी. बाई उठून आत गेली. मला शिव्या दिल्या असत्या, केस धरले असते तर बरं झालं असतं.

पोरगी राहिली, नांदून राहिली, गणेश चांगला हाय तिच्याशी. माहं म्हणाल तर गावानं मिरची बंद केली न्हाई, मिरची आणतेत, दळून नेतेत, हळद कुणी आणत न्हाई. दुकानाला मीच न्हाई म्हणलं. पुडीचे कागद उरले होते ढीगभर, ते मी सैपाकघरात डब्यांखाली अंथरलेत, फोटो खाली करून. ह्या साली मॅडमचा फोन आला, नव्या बाया आल्यात, तुमी या, तुमची गोष्ट सांगा त्यांना. मी म्हणलं येते, पण मी हेच सांगीन. मॅडम म्हणली, ताई, तसं नका सांगू, पहिल्यांदाच घराबाहेर पडल्यात, घाबरतील. मग मी गेले न्हाई. म्हणून तुम्हाला सांगून राहिले, तुमी लिहा, घाबरल्या तर घाबरू द्या, हात धुऊन, मशीन पुसून कामाला बसतील.

दोन संक्रांती झाल्या त्याला. शिवकन्या हळदीकुंकवाला येती, संस्काराची पोरगी हाय, बाईनं न्हाई म्हणलं नसंल अन् जा बी म्हणलं नसंल, ती आपली येती. डाव्या डोळ्याखाली तिला डाग राहिलाय, नखाएवढा, काळपट. मी आधी हळद माह्या गालाला लावते, तिच्या देखत, थोडी थांबते. मग बोट तिच्याकडं नेते, तर ती डोळे गच्च मिटून घेती, लेकरू औषधाला मिटतं तसं. मागं सरत न्हाई, तोंड फिरवत न्हाई, डोळे मिटती फक्त. मी टेकवते अन् बोट काढून घेते. पाया पडती, मी म्हणते अखंड सौभाग्यवती हो, अन् वाण घेऊन ती जाती.

अन् आता गणेशच्या धाकट्या भावाचं लग्न आलंय, पंधरा दिवसांवर. काल बाईनं पुन्हा जातं काढलं. भिंत एकच हाय ताई, सगळं ऐकू येतं, जातं सरकवलेलं ऐकू आलं, धुतलेलं ऐकू आलं. मग बाई अन् शिवकन्या नावं काढत बसल्या, कुण्या कुण्या बायांना बसवायचं. एक बाई खुद्द, एक शिवकन्या, एक पाटलाच्या घरची, एक मारोतीच्या पारापाशी राहती ती. चार झाल्या. पाचवी सापडंना. ह्या गावात पाच बाया जमत न्हाईत म्हणून तर मी धंदा काढला होता. आज सकाळपासून तेच चाललंय, हिचं नाव घे, तिचं नाव घे, ही येणार न्हाई, तिचे गुडघे. मी आज मशीन बंद ठेवलीय. तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून बसलेय सकाळपासून, तुमाला वाटलं असंल तुमच्यासाठीच नेसलंय. हाक आली तर बरं, न्हाई आली तरी त्यांचं लग्न चांगलं होऊ दे, पोराच्या अंगाला थंड लागू दे.